मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : १५ सप्टेंबर १८६०; मृत्यू : एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंते, म्हैसूर संस्थानचे दिवाण आणि नियोजित औद्योगिकीकरणाचे आद्य पुरस्कर्ते होते. काही चरित्रकार त्यांचे जन्मवर्ष १८६१ देतात. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. कृष्णराजसागर धरण आणि खडकवासल्याची स्वयंचलित दारे यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात त्यांनी केलेले काम मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत आटोपले जाते. इंधन, मनुष्यबळ आणि वेळ यांचा अपव्यय थांबवून तोट्यातला अवजड उद्योग सावरता येतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. या दृष्टीची जडणघडण मुंबई इलाख्यातील त्यांच्या नोकरीत झाली आणि त्या नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत ते खानदेशात, पांझरा नदीच्या खोऱ्यात होते.

बालपण व शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. विश्वेश्वरय्या शाळकरी वयात असतानाच वडील निवर्तले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला आणि १८८१ मध्ये बी. ए. ही पदवी मिळविली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात (पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय) दाखल झाले. १८८३ मध्ये स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले आणि त्यामुळेच १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची थेट नेमणूक झाली.

खानदेशातील आरंभ

नाशिकला रुजू झाल्यानंतर थोड्याच काळात त्यांची बदली धुळ्याला झाली. धुळे आणि जळगाव हे आजचे दोन्ही जिल्हे त्या वेळी खानदेश या एकाच जिल्ह्यात मोडत. धुळे शहर पांझरेच्या काठी वसले आहे. ही नदी सह्याद्रीच्या रांगेत उगम पावते, पिंपळनेरजवळून वाहत साक्री व धुळे गाठते आणि पुढे उत्तरेकडे वळून तापीला मिळते. आजच्या साक्री तालुक्याचा प्रदेश त्या काळच्या सरकारी दफ्तरात पिंपळनेर तालुका म्हणून नोंदला जाई.

पांझरेच्या पाण्याशी संबंधित एका कालव्यासाठी नळाचा सायफन बांधणे, हे त्यांच्यावर सोपविलेले पहिल्या महत्त्वाच्या कामांपैकी एक होते. सायफन म्हणजे नदीच्या किंवा ओढ्याच्या तळाखालून पाणी पलीकडे नेणारी बंद नळवाट. एका बाजूची पातळी दुसरीपेक्षा थोडी उंच ठेवली की पाणी आपल्याच दाबाने खाली उतरून पुन्हा वर चढते. पंप लागत नाही, जळणही लागत नाही. काम चालू असताना पावसाळा आला. पुराबरोबर आलेली वाळू खोदकामात भरू लागली. तरुण अभियंत्याने काम पावसाळ्यानंतर करण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना हे रुचले नाही आणि त्यांनी उत्साहाच्या अभावाबद्दल नापसंती कळविली. विश्वेश्वरय्यांनी कामाची पद्धत बदलली, पावसातच सायफन पुरा केला आणि त्याच वरिष्ठांची प्रशंसा मिळविली. वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींतही या प्रसंगाला त्यांनी जागा दिली आहे, यावरून तो त्यांच्या मनावर किती ठसला होता हे दिसते.

पांझरेच्या खोऱ्यात त्या वेळी सिंचनाची एक जुनी व्यवस्था जिवंत होती. ती फड पद्धत या नावाने ओळखली जाते. नदीवर लहान लहान बंधारे घालून पाटाने पाणी शेतांपर्यंत आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि फडांची पाळी दरवर्षी फिरवायची, असा तिचा क्रम होता. पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला असे. नदीत पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हेही गावच ठरवी. कोणत्याही यंत्रावाचून, केवळ शिस्तबद्ध व्यवस्थापनाने मर्यादित पाण्यातून अधिकाधिक पीक काढणारी ही रीत होती. पुढे १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर जी गटवार सिंचनाची पद्धत आणली, तिचे फडाशी साम्य उघड आहे. तिच्यातही जमिनीचे गट पाडून उसासारख्या तहानेल्या पिकाला ठरावीक भाग, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके आणि त्यांची आळीपाळी अशी रचना होती. कालव्याच्या वरच्या टोकाच्या मोजक्या गावांत मुरणारे पाणी त्यामुळे अधिक गावांना पोहोचू शकले.

सक्कर, पुणे आणि खडकवासला

१८९३ ते १८९५ या काळात त्यांनी सिंधमधील सक्कर शहराची पाणीयोजना पार पाडली. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली आणि पात्रातल्या वाळूलाच गाळणीचे काम करायला लावले.

पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. रानडे त्या काळी भारतीय अर्थकारणावर व्याख्याने देत आणि लिहीत असत. देशातील लोखंड उद्योगाच्या आरंभीच्या फसलेल्या प्रयत्नांवरही त्यांनी लेखन केले होते. विश्वेश्वरय्यांच्या औद्योगिक विचारांचे एक मूळ पुण्याच्या या वर्तुळात शोधावे लागते. १८९८ मधील जपानच्या प्रवासाने त्या विचारांना प्रत्यक्षाची जोड मिळाली.

१९०१ ते १९०३ या काळात खडकवासल्याच्या फाइफ तलावावर त्यांनी स्वयंचलित दारे बसविली. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवायचे, तर धरणाची भिंत वाढविणे हा रूढ उपाय होता. तो खर्चाचा आणि जोखमीचा होता. त्याऐवजी त्यांनी सांडव्यावर अशी दारे योजिली की ठरावीक पातळीपर्यंत ती बंद राहून पाणी धरीत आणि पाणी त्याहून चढले की कोणी हात न लावता आपोआप उघडत. मूळ भिंतीला धक्का न लावता साठवणीची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे होते, परंतु सरकारी नोकर या नात्याने त्यांनी त्यावर स्वामित्वधन घेतले नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली.

१९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांनी पाहिले. इलाख्यातील सर्वोच्च पद भारतीयाला मिळणार नाही हे ध्यानात आल्यावर १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या पूरनियंत्रणाची आखणी करण्यासाठी निजाम सरकारने त्यांना पाचारण केले.

म्हैसूर संस्थानात

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. कावेरीवरील शिवसमुद्रमचे जलविद्युत केंद्र १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवीत होते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला की विजेची शाश्वती राहत नसे आणि खाणींतील यंत्रे अडत. १९११ मध्ये सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणामागे शेतीच्या पाण्याइतकाच हाही हेतू होता. नदीचे पाणी साठवून वर्षभर समान प्रमाणात सोडले, तर तेच वीजकेंद्र अधिक काळ पूर्ण क्षमतेने चालते, असा तो हिशेब होता. धरणाच्या बांधकामात आयात सिमेंटऐवजी चुना व विटांची भुकटी यांची सुरकी वापरली गेली. जुने कन्नंबाडी गाव मात्र या जलाशयाखाली गेले.

म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६), चंदन तेलाचा कारखाना, साबणाचा कारखाना ही त्यांच्या दिवाणगिरीतील आणखी काही कामे. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

भद्रावतीचा लोखंड कारखाना

शिमोगा जिल्ह्यात भद्रा नदीच्या काठी लोखंडाचा कारखाना काढण्याची योजना त्यांच्याच दिवाणगिरीत, १९१८ मध्ये, मंजूर झाली. बाबाबुदन डोंगरातील केम्मनगुंडीचे लोहखनिज उत्तम प्रतीचे होते. अडचण इंधनाची होती. झोतभट्टीला कोक लागतो, कोक दगडी कोळशापासून होतो आणि म्हैसूरमध्ये दगडी कोळसा नाही. तो बंगाल-बिहारकडून रेल्वेने आणायचा, तर भाड्यातच उद्योगाचे कंबरडे मोडले असते. जंगल मात्र मुबलक होते. म्हणून भद्रावतीची भट्टी लोणारी कोळशावर चालवायचे ठरले.

लोणारी कोळशात गंधक जवळजवळ नसल्याने त्यावर काढलेले लोखंड शुद्ध असते. हा त्याचा गुण. पण तो ठिसूळ असतो. उंच भट्टीत वरच्या थराच्या भाराखाली त्याचा चुरा होतो, म्हणून भट्टी लहान ठेवावी लागते. भद्रावतीची भट्टी दिवसाला सुमारे ६० टन लोखंड देणारी होती. शिवाय कोळसा पाडण्याची पारंपरिक रीत अतिशय उधळी होती. लाकडाचा ढीग मातीने लिंपून धुमसत ठेवला की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा कोळसा हाती येतो आणि बाकी सारे धूर होऊन निघून जाते. भद्रावतीत या धुराचाच विचार आधी झाला. लाकूड बंद लोखंडी पात्रांत हवेवाचून तापवायचे, निघणारी वाफ थंड करून तिच्यातून मिथिल अल्कोहोल, ॲसिटेट आणि डांबर वेगळे काढायचे, न गोठणारा वायू पुन्हा जाळायचा आणि पात्रात उरलेला कोळसा झोतभट्टीला द्यायचा, अशी ती योजना होती. कारखान्याच्या मूळ नावातच लाकडाच्या ऊर्ध्वपातनाचा उल्लेख होता. झोतभट्टीच्या तोंडातून निघणारा वायूही ज्वलनशील असतो. तो हवा तापविण्याच्या शेगड्यांत आणि बाष्पित्रांत जाळला, तर भट्टीत शिरणारी हवा आधीच तापलेली मिळते आणि तेवढा कोळसा वाचतो. आज ज्याला टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर म्हणतात, त्याचे मूलतत्त्व हेच आहे.

कागदावर योजना निर्दोष होती. जानेवारी १९२३ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले तेव्हा परिस्थिती पालटली होती. महायुद्धामुळे यंत्रे उशिरा आली होती, खर्च अंदाजाबाहेर गेला होता आणि युद्धकाळात चढलेले लोखंडाचे भाव कोसळले होते. त्यात भर अशी की त्याच वर्षी जर्मनीत मिथिल अल्कोहोल कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले आणि लाकडापासून काढलेल्या अल्कोहोलची बाजारपेठ धोक्यात आली. ज्या उपपदार्थांच्या विक्रीवर कोळशाचा खर्च भागायचा, त्यांचाच आधार डळमळला. कारखाना संस्थानाला डोईजड होईल, तो बंद करावा, अशी मते व्यक्त होऊ लागली.

अशा वेळी महाराजांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना कारखान्याच्या व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्षपद दिले. दिवाणपद सोडून त्यांना चार-पाच वर्षे झाली होती आणि वय साठीच्या पुढे होते. १९२३ ते १९२९ या काळात त्यांनी हे काम पाहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांनी आरंभी नवी भट्टी मागितली नाही. जे उभे आहे त्याचा खर्च कोठे होतो हे आधी पाहिले. झोतभट्टी एकदा पेटविली की रात्रंदिवस चालवावी लागते. ती मंदावली किंवा थांबली की पुन्हा तापविण्यात जाणारा कोळसा लोखंडाचा एक कणही देत नाही. म्हणून जंगलातून येणारे लाकूड, डोंगरावरून येणारे खनिज आणि चुनखडी यांचा पुरवठा अखंड राहणे, हा इंधनबचतीचा पहिला उपाय ठरतो. मलनाडच्या पावसाळ्यात तर याला दुहेरी महत्त्व येते. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच बरीचशी उष्णता जाते, त्यामुळे कोरड्या लाकडाचा साठा पावसापूर्वी करून ठेवावा लागतो. हे काम वखारीचे, वाहतुकीचे आणि हिशेबाचे आहे. भट्टीची रचना कितीही उत्तम असली तरी ते चुकले की सगळेच चुकते.

विश्वेश्वरय्यांनी खर्चाच्या प्रत्येक बाबीची छाननी केली, अनावश्यक पदे कमी केली आणि भरमसाट पगाराच्या परदेशी तज्ज्ञांच्या जागी हळूहळू प्रशिक्षित भारतीय अभियंते नेमले. ज्याला काम सोपविले त्याने ते ठरल्या दिवशी पुरे केले पाहिजे आणि लेखी कळविले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. कच्चे लोखंड पडत्या भावाने विकण्याऐवजी त्यातील काही भाग कारखान्यातच ओतून नळ तयार करण्याचा विभाग त्यांनी काढला. शहरांच्या पाणीयोजनांना असे नळ लागत आणि आयुष्यभर पाणीपुरवठ्याची कामे केलेल्या माणसाला ही गरज कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. एक टन लोखंडासाठी जितके लाकूड जळत होते, तितक्याच लाकडात आता अधिक किमतीचा माल बाहेर पडू लागला. त्यांनी १९२९ मध्ये पद सोडले तेव्हा कारखाना बंद करण्याची भाषा मागे पडली होती. म. गांधींनीही १९२७ मध्ये भद्रावतीला भेट दिली होती.

अध्यक्ष म्हणून मिळालेले मानधन त्यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. त्यातून बंगळूरला तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली. तिला आपले नाव देऊ नये, महाराजांचे द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. ती जयचामराजेंद्र यांच्या नावाने ओळखली जाते.

टीका आणि मर्यादा

भद्रावतीच्या यशाची किंमत मलनाडच्या जंगलांनी मोजली, हे नाकारता येत नाही. बंद पात्रांमुळे लाकडाचा अपव्यय कमी झाला, तरी दरवर्षी मोठ्या क्षेत्रावरील झाडे तोडावी लागतच होती. लाकडाच्या प्रत्येक अंशाचा हिशेब ठेवणाऱ्या या व्यवस्थेत उभ्या जंगलाचे मोल कोठे मांडले जात नव्हते. त्या काळच्या औद्योगिक विचाराचीच ही उणीव होती. विश्वेश्वरय्या तिला अपवाद ठरले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना पुरेसे स्थान मिळावे यासाठी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली गेली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात, अन्यथा प्रशासनाची कार्यक्षमता घसरेल, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. या मतभेदातून त्यांनी दिवाणपदाचा राजीनामा दिला. यंत्राची कार्यक्षमता मोजण्याचे माप समाजाला लावताना ज्यांना शिक्षणाची संधीच मिळाली नव्हती त्यांचा विचार मागे राहिला, असे आज म्हणावे लागते. प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारासाठी त्यांनी दिवाण असताना केलेले प्रयत्न लक्षात घेतले तर हा विरोधाभास अधिकच जाणवतो.

मोठ्या यंत्रोद्योगाच्या प्रश्नावर म. गांधींशीही त्यांचा मतभेद होता. ग्रामोद्योगांना त्यांचा विरोध नव्हता, परंतु अवजड उद्योगावाचून देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची धारणा शेवटपर्यंत कायम राहिली.

उत्तरायुष्य

१९२७ ते १९५५ या काळात ते टाटा पोलाद कंपनीचे संचालक होते. १९२० मधील रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया आणि १९३४ मधील प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया या इंग्रजी ग्रंथांतून त्यांनी देशाच्या आर्थिक नियोजनाची रूपरेषा मांडली. देशात मोटारींचा कारखाना निघावा यासाठी त्यांनी वालचंद हिराचंद यांच्यासमवेत प्रयत्न केले. १९४१ मध्ये अखिल भारतीय उत्पादक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ हे आठवणींचे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. नावाप्रमाणेच त्यात कामाखेरीज फारसे काही नाही. घर, नाती, सुखदुःखे यांविषयी लेखक जवळजवळ मौन पाळतो. त्यांच्याविषयीच्या अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. खासगी लेखनासाठी वेगळी मेणबत्ती लावणे, रेल्वेच्या आवाजावरून रुळाचा तडा ओळखणे यांसारख्या कथा शाळांतून सांगितल्या जातात. त्यांना चरित्राचा आधार मानण्यापेक्षा लोकांच्या आदराची खूण मानणे योग्य होईल.

भद्रावतीच्या कारखान्यात १९३६ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे सिमेंटचीही जोड मिळाली. स्वातंत्र्यानंतर जोगच्या धबधब्यावरील वीज उपलब्ध झाल्यावर तेथे विजेच्या भट्ट्या आल्या आणि लोणारी कोळशावरील भार उतरत गेला. कारखान्याला विश्वेश्वरय्यांचे नाव देण्यात आले. नंतर तो स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. विश्वेश्वरय्यांचे एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे निधन झाले. मुद्देनहळ्ळी या त्यांच्या जन्मगावी त्यांची समाधी आहे.